नवा टॅटू, ऐन पावसाळा आणि ढोलपथक: जपायचा कसा?

नदीपात्रातला

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी डाव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधे, आतल्या बाजूला राजमुद्रा काढून घेतली. अष्टकोन, आत पूर्ण लेख, कडेने थोडं शेडिंग. काम झकास झालंय. डोकं उठलंय ते सल्ल्यांनी. आर्टिस्ट म्हणाला, सौम्य साबण आणि वर मलमाचा पातळ हात, बास. आई हळद-खोबरेलाची वाटी घेऊन मागे लागली आहे. जिममधला ट्रेनर म्हणतो दर दोन तासांनी व्हॅसलिन थाप. मेडिकलवाल्याने तर काही न विचारता एक ट्यूब हातात ठेवली, "सगळ्यावर चालते" म्हणून.

आजची स्थिती: सूज उतरली, चरचर थांबली. काळे पापुद्रे सुटायला लागलेत आणि कंड अशी सुटते की रात्री झोप मोडते. आंघोळ करताना पाण्याबरोबर काळे कण जातात, ते बघून धस्स होतं. शाईच निघून चालली की काय?

दुसरा मुद्दा म्हणजे मी पथकात ढोल वाजवतो. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, सराव रोज संध्याकाळी. थांबायचं का, आणि किती दिवस? जाणकारांनी कृपया लिहावे. "काढायच्या आधी विचारायचं होतंस" हा प्रतिसाद घरी मिळालेला आहे.

रंकाळ्याचा_वारा

भावा, काय बी लावू नगंस. धुवायचं, वाळवायचं, सोडून द्यायचं. माझ्या दोन्ही दंडांवर हायत, असंच केलं, आज पण टॉप. वादन पण थांबवलं नव्हतं. नाद खुळा!

सुई_आणि_शाई

माझा नाशिकला छोटा स्टुडिओ आहे, त्यामुळे हा धागा दिसल्यावर गप्प बसवेना.

धागाकर्ते, काळे पापुद्रे आणि काळे कण अगदी अपेक्षित आहेत. सुई शाई सोडत आत जाते तेव्हा वरच्या कातडीतही थोडी राहते. ती कातडी गळते, तिच्याबरोबर ती शाईही गळते. तुमचा टॅटू त्याच्या खाली आहे. पापुद्रे ओढून काढले तर मात्र खालची ओली कातडीही उचकटते आणि बारीक अक्षराची रेघ तिथे तुटते. राजमुद्रेत तर सगळी बारीक अक्षरं. लोक आमच्याकडे टच-अपला येतात त्यातले निम्मे नखाने काम करून आलेले असतात. विचारलं की म्हणणार, "झोपेत झालं असेल."

धुणं: दिवसातून दोनदा, घाम फार आला तर तिसऱ्यांदा. आधी स्वतःचे हात धुवायचे (हे कुणी करत नाही). कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य लिक्विड साबण, बोटांच्या पोटांनी हलकेच. स्क्रबर, घासणी, उटणं काही नाही. शॉवरची थेट धार मारायची नाही. मग टिश्यूने टिपून घ्यायचं. घरातला टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात आणि पावसाळ्यात तो धड वाळलेलाही नसतो. टिपल्यावर पाच-दहा मिनिटं हवेवर उघडा ठेवा. मलम ओल्या कातडीवर लावलं की पाणी खाली कोंडतं.

मलम किती? बोटावर मुगाच्या दाण्याएवढं घ्या, तेवढं तुमच्या आकाराला पुरतं. लावल्यावर कातडी किंचित तुकतुकीत दिसली पाहिजे, चिकट नाही. जास्त लावलं तर पापुद्रे भिजून फुगतात, बुळबुळीत होतात आणि कपड्याला चिकटून उपटले जातात. माझ्या अनुभवात कमी लावल्यामुळे बिघडलेले टॅटू फार थोडे, थापल्यामुळे बिघडलेले भरपूर. पापुद्रे सुटायला लागले की मलम बंद करून साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. तुम्ही आता त्याच टप्प्यावर आहात.

कंडीला: वरून हलक्या टपल्या मारा, किंवा स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बर्फ शेजारच्या कातडीवर धरा. खाजवायचं नाही, कपड्यावरूनही नाही.

रंकाळ्याचा वारा, तुमचे दंडावर आहेत. दंड ढोलाला कुठे लागतो?

फडताळ

आई हळद घेऊन मागे लागली तर त्यात तिचं काय चुकलं ते समजलं नाही. माझ्या आजीच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. तुळस, विंचू, हातावर नवऱ्याचं नाव. गोंदणारीण दारात यायची, सुयांचा झुपका, काजळाची शाई, आणि वरून हळद नि तेल चोळून जायची. आजी नव्वदीत गेली तेव्हाही विंचवाची नांगी ओळखू येत होती. त्या बायकांनी कुठलं लिक्विड सोप वापरलं होतं?

कातडीवैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे ज्यांचं बिघडतं तेच माझ्याकडे येतात. माझ्या मताला तेवढा कल असणार हे धरून वाचा.

फडताळताई, तुमच्या आजींचं गोंदण टिकलं कारण काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन कातडीच्या आतल्या थरात बसला की सहजी जात नाही. हळदीशिवायही ते टिकलंच असतं. ज्यांचे हात तेव्हा पिकले त्यांची गोष्ट नातवंडांपर्यंत पोचत नाही. हळदीतल्या द्रव्यांवर संशोधन होतंय, ते खरं. पण स्वयंपाकघरातली हळद ही दळलेली, डब्यात ओले चमचे पडलेली पूड आहे, निर्जंतुक नाही. उघड्या कातडीत तिचे कण अडकतात आणि पिवळ्या थराखाली लाली वाढतेय की कमी होतेय हे दिसतच नाही. माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या गोष्टीला आहे. खोबरेल पापुद्रे पूर्ण गळल्यावर खुशाल लावा.

आता शाई कुठे जाते ते. ती बसते साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, डर्मिस नावाच्या थरात. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची पेशी ते गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. म्हणून टॅटू वर्षानुवर्षं जागेवर राहतो. थोडे कण लसिकाग्रंथींपर्यंतही (काखेतल्या वगैरे गाठी) जातात. त्यामुळे आंघोळीच्या पाण्यातल्या काळ्या कणांचा धसका घेऊ नका.

माझा खरा प्रश्न त्या ट्यूबबद्दल आहे. तिच्यावर बारीक अक्षरात घटक काय लिहिलेत ते वाचून इथे सांगा. लावली असेल तर थांबवा.

नदीपात्रातला

चष्मा लावून वाचलं. क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल. लावलेली नाही, सील अजून तसंच आहे.

कातडीवैद्य

छान, सील तसंच ठेवा. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड. खाज लगेच थांबते म्हणून माणूस खूश होतो, पण जखम भरायची प्रक्रियाच ते मंद करतं, जंतुसंसर्ग झाकून ठेवतं आणि जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते. निओमायसिनची ॲलर्जी बऱ्यापैकी आढळते, आणि टॅटूवर ती आली तर लाली टॅटूमुळे की औषधामुळे हे ओळखणं अवघड. मायकोनाझोल बुरशीवरचं औषध, इथे त्याचं कामच नाही. आपल्याकडे गजकर्णापासून डास चावण्यापर्यंत सगळ्यावर ही मिश्रणं खपतात. घरात कुठलीही ट्यूब असेल आणि तिच्यावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ताज्या टॅटूजवळ नेऊ नका.

व्हॅसलिनबद्दल दोन मतं आहेत. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना टॅटूसाठी पाण्याचा अंश असलेलं मॉइश्चरायझर सुचवते, पेट्रोलियमवर आधारलेलं नको म्हणते. आमच्यातले काही जण पहिले दोन-तीन दिवस पातळ थराला हरकत घेत नाहीत. दर दोन तासांनी थापा असं मात्र कुणीच म्हणत नाही. ट्रेनरला डंबेलपुरतं विचारा.

ऱ्हाइनकाठी

इथे जर्मनीत कुठल्याही औषधाच्या दुकानात टॅटू म्हटलं की डेक्सपँथेनॉलचं मलम पुढे करतात. लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळासाठी जे वापरतात तेच. माझ्या आर्टिस्टने मात्र सेकंड स्किन लावून पाठवलं, पारदर्शक फिल्म. पहिल्या दिवसात खाली काळं पाणी साचून पिशवी झाली होती. ती काढून नवीन लावली आणि ती चार-पाच दिवस राहिली. ऑफिस, ट्राम, बाजार, काही त्रास नाही. भारतात का वापरत नाहीत?

जाता जाता: युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. वर्षभराने एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्यही त्यात आलं. इथले आर्टिस्ट तेव्हा फार वैतागले होते.

सुई_आणि_शाई

भारतातही वापरतो की! पण कोरड्या थंड हवेतली फिल्म आणि ऑगस्टमधल्या कोकण-मुंबईतली फिल्म यांत फरक पडतो. घामाने कडा सुटतात, सुटलेल्या कडेतून लोकलमधलं पाणी आत जातं, आणि माणूस "पाच दिवस ठेवायची आहे ना" म्हणून तशीच ठेवतो. कड उचलली गेली की फिल्म बाद, काढायची. चिकटाने पुरळ आलं तरी काढायची. काढताना कोमट पाण्याखाली, कातडीला समांतर ताणत सोडवायची. बँडेडसारखी खाट्कन वर ओढायची नाही. आणि हा उपाय पहिल्या दिवसापासूनचा. धागाकर्त्यांचे पापुद्रे सुटायला लागलेत, आता फिल्म लावली तर निघताना पापुद्रे घेऊनच निघेल.

किचनमधली क्लिंग फिल्म घरी पोचेपर्यंत काही तास ठीक. रोज रात्री गुंडाळून झोपणारे पाहिलेत मी. सकाळी हात वाफवलेल्या अळूवडीसारखा.

टिपरूवाली

ढोलाबद्दल मी लिहिते, कारण वरच्या कुणीच ढोल बांधलेला दिसत नाही.

कमरेला ढोल आडवा. उजव्या हातात टिपरू (वाजवायची काठी), डाव्या हाताची थापी. थापी मारताना डाव्या मनगटाच्या वरचा भाग, म्हणजे बरोबर तुझी राजमुद्रा आहे तो भाग, कड्यावर आणि दोरीवर घासतो. नवीन पोरांच्या हातावर पहिल्या पंधरवड्यात तिथेच वळ उठतात. बोटांना आपण टेप मारतो, हाताला कुणी मारत नाही. आणि तू टेप मारायला जाऊही नकोस. पापुद्र्यांवर चिकटपट्टी म्हणजे वॅक्सिंग. क्रेप बँडेज गुंडाळशील तर दोन तासांच्या सरावात आत घामाचा रस्सा होईल.

शेडमधला चिखल, दहा जणांनी बांधलेले ते पट्टे, कधीही न धुतलेले. मला कुणी त्या पट्ट्यावर उघडी जखम घासायला सांगितली तर मी पथक सोडेन.

तोवर झांज घे. हात मोकळा राहतो आणि ताल सुटत नाही. ताशाही हवेत वाजतो, पण ताशा काही आठवड्यात येत नाही. ध्वज नको, डाव्या हातावर जोर येतो.

गुलालाचं तर कुणी बोललंच नाही. मिरवणुकीत गुलाल घामात कालवून कातडीवर तासन्‌तास बसतो. टॅटू वरून भरलेला दिसला तरी त्या दिवशी सैल सुती बाह्यांचा झब्बा घाल. पथकाचा पोशाख तसाही तोच असतो, बाह्या दुमडू नकोस म्हणजे झालं.

रंकाळ्याचा_वारा

हां, आतल्या हाताला घासतं खरं. त्यो मुद्दा पटला. पण तीन आठवड्यांनी वाजवायला काय हरकत?

कातडीवैद्य

तारखेपेक्षा कातडी बघा. वरचा थर बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत जुळतो, आतली डागडुजी दोन-तीन महिने चालते. पापुद्रे एकही उरलेले नाहीत, हात फिरवला तर शेजारच्या कातडीइतकंच गुळगुळीत लागतं, आणि ती मेण लावल्यासारखी चकाकी गेली आहे, असं झालं तर वरचं दार बंद झालं समजा. मग गणपती बसतात त्या दिवशी अर्धा तास वाजवायला माझी ना नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आठ-दहा तास कड्यावर घासणं वेगळं. ते या वर्षी टाळलेलं बरं. मधुमेह असेल तर हे सगळं आणखी लांबतं. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी ज्यांना गाठ उठली आहे, त्यांनी छाती-खांद्यावर टॅटू काढण्याआधीच डॉक्टरांना दाखवावं.

मधल्या काळात टॅटू धुरकट, दुधाळ दिसेल. नवीन कातडी सुरुवातीला तशीच असते. त्यावरून रंग उडाला म्हणून आर्टिस्टशी भांडायला जाऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं? पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, सूज, पातळ लस येणं चालतं. त्यानंतर लाली कमी होण्याऐवजी टॅटूच्या बाहेर पसरत गेली, हात गरम लागला, ठणका वाढला, पिवळा-हिरवट पू आला, ताप भरला किंवा लाल रेघ वर दंडाकडे सरकताना दिसली, तर त्याच दिवशी जा. पेनाने लालीच्या कडेला रेघ मारून ठेवा, चार तासांनी ती ओलांडली का ते बघा. फोटोपेक्षा हे बरं, फोटोत प्रकाश बदलतो.

एक प्रकार उशिरा येतो. टॅटू छान भरतो आणि काही आठवड्यांनी, विशेषतः करड्या शेडिंगच्या भागातच, लालसर पुळ्या उठतात. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात एकाच आर्टिस्टकडच्या १९ जणांना असं झालं. कारण निघालं तयार पातळ केलेली करडी शाई. तिच्यात पाण्यातून येणारा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू होता. साध्या अँटिबायोटिकने तो हटत नाही, महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. म्हणून काळ्या शाईत नळाचं पाणी घालून करडी छटा करणाऱ्या आर्टिस्टकडून उठून यावं. शेडिंग अर्धं राहिलं तरी चालेल.

सुई_आणि_शाई

शंभर टक्के. निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्या मिळतात, फार महाग नसतात. सुईचं पाकीटही तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. जत्रेत एकाच मशीनवर रांगेने नावं गोंदवतात त्याबद्दल मी बोलले तर भांडण होईल.

देवबागकर

आमच्याकडे मालवणला येणारी पोरं हमखास नवीन टॅटू दाखवत स्नॉर्कलिंगला उतरतात. खाऱ्या पाण्याने जखम सुकते, असा समज आहे. कुणी लिहील का यावर?

कातडीवैद्य

उकळून गार केलेलं मीठपाणी वेगळं आणि समुद्र वेगळा. कोमट समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. मेक्सिकोच्या आखातात टॅटूनंतर पाच दिवसांनी पोहलेल्या एका तिशीतल्या माणसाचा मृत्यू झाल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याला आधीपासून यकृताचा आजार होता, म्हणून एवढं टोकाला गेलं. निरोगी माणसाला इतका धोका नाही, पण पापुद्रे गळून कातडी पूर्ण जुळेपर्यंत समुद्र, नदी, विहीर, स्विमिंग टँक सगळं बंद. धबधबेसुद्धा. आंघोळ चालते, बुडवून ठेवणं चालत नाही.

भरतीवाला

अवांतर विचारतो. मी सैन्यभरतीची तयारी करतोय. राजमुद्रा मलाही काढायची आहे. चालते का?

रंकाळ्याचा_वारा

धागाकर्त्याच्या जागी चालते. हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागे. दंड, छाती, पाठ न्हाई. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत हाय. माझं दंडावरच्या दोन्हींमुळंच ऱ्हायलं. पण लेका, आधी भरती हो, मग काढ. ताजा टॅटू घेऊन मेडिकलला उभा ऱ्हायलास तर डॉक्टर आणखी चार ठिकाणी बघतील.

सुई_आणि_शाई

आणि काढलीस तर आकार मोठा घे. राजमुद्रेचा पूर्ण लेख रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसवून मागतात लोक. शाई वर्षांनुवर्षं किंचित पसरते. दहा वर्षांनी "प्रतिपच्चंद्रलेखेव" वाचता येणार नाही, नुसता काळा डाग. लहानच हवी असेल तर नुसती चंद्रकोर काढा.

नदीपात्रातला

सर्वांचे आभार. पथकप्रमुखांशी बोललो, झांज मिळाली आहे. जुनी सुती बाह्यांची बनियन घालून झोपतोय, खाली आईची जुनी चादर. काल रात्री एक पापुद्रा चादरीला चिकटला होता. ओढला नाही, वाटीभर कोमट पाणी ओतून सोडवला. हळदीची वाटी आईने स्वतःहून दुधात घातली.

आणखी एक. गाडीवरून ऑफिसला जातो. रेनकोटच्या आत हात घामेजतो, रेनकोट काढला तर रस्त्याचं पाणी उडतं. काय करू? ऊन पडलंच तर सनस्क्रीन?

टिपरूवाली

रेनकोटच घाल, रस्त्याच्या पाण्यापेक्षा स्वतःचा घाम बरा. ऑफिसात पोचल्यावर धू, टिप, पाच मिनिटं उघडा ठेव. पिशवीत टिश्यू आणि साबणाची छोटी बाटली ठेवायची, ऑफिसच्या वॉशरूममधला गुलाबी साबण वापरू नकोस.

कातडीवैद्य

सहमत. सनस्क्रीन आत्ता नको, कापडाने झाका. कातडी जुळल्यावर एसपीएफ ३० किंवा वरचं, कायमचं. टॅटू फिका पडायला उन्हाइतकं दुसरं काही कारणीभूत नाही. पहिल्या महिन्यात त्या जागी वॅक्सिंग किंवा रेझर फिरवू नका.

नदीपात्रातला

आमच्या मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर असतं, गणपतीच्या पाचव्या दिवशी. नाव दिलेलं आहे. तोवर तर भरला असेल ना?

कातडीवैद्य

भरला तरी नाही. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. जखमेचा इथे संबंध नाही. सुईतून कावीळ बी किंवा सी चा संसर्ग झाला असेल तर तो सुरुवातीच्या काळात चाचणीत सापडेलच असं नसतं, म्हणून ही मुदत. फॉर्ममध्ये हा प्रश्न असतो, खरं लिहा. बी ची लस घेतली नसेल तर या निमित्ताने घेऊन टाका, तीन डोस असतात.

नदीपात्रातला

नाव काढतो मग. या वर्षी बिस्किटं वाटायच्या टेबलावर बसेन.